तुम्ही विचारलंत म्हणून: "आमाला काय झालं?"

"सिस्टर, आमची बी बाळंतपणं सोळा-सतराव्या वर्षीच झाली. आमाला काय झालं?" बीड जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात नातसुनेला घेऊन येणाऱ्या आज्या हे हमखास विचारतात. मी उलट विचारते, आजी, लेकरं झाली किती आणि जगली किती? मग बोटं मोजली जातात. "सात झाली. चार हायेत." धाकट्या जावेचं काय झालं, ते शेजारीण आठवून देते: पहिलटकरीण होती, दोन दिवस अडली अन् गेली. तिला हा प्रश्न विचारायची सोय राहिली नाही.

नहाण आलं की पोर तयार, हा घराघरातला हिशेब. पण पाळी सुरू झाल्यावरही उंची काही वर्षं वाढते आणि कमरेचं हाड त्याहून उशिरा पुरतं रुंद होतं. बाळाला वाट अपुरी पडली अन् सिझरला उशीर झाला, तर बाळ गुदमरतं, गर्भपिशवी फाटू शकते. काहींना लघवीच्या पिशवीला भोक पडून लघवी ठिबकत राहते, अन् मग नवरा माहेरी आणून सोडतो.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ तरी हवं. या पोरी आठावर येतात. त्यांचं स्वतःचंच अंग भरायचं असतं, त्यात पोटात वाटेकरी. बाळ दिवस भरण्याआधी होतं, अडीच किलोच्या आत भरतं, नीट ओढत नाही, गार पडतं. बीपी चढून झटके येण्याची भीतीही या वयात जास्त. पाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी "उन्हानं झालं असंल" म्हणून उसाच्या फडात मोळ्या बांधणं चालूच.

आज्यांना तरी काय बोलायचं? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तरणी पोर मागं कुणापाशी ठेवायची? शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी; मुकादमाची उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्याचे आगाऊ पैसेही जोडीलाच. म्हणून लग्नं लवकर उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये तोच आकडा जवळपास ४४.

"वय एकोणीस लिवा," असंही सांगतात. अठराच्या आतली पोर गरोदर दिसली की पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून सातव्या महिन्यापर्यंत नोंदच होत नाही. कायदा हवाच, पण त्या भीतीत जिची तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी तीच सगळ्यात उशिरा येते.

दिवस गेलेच असतील तर लपवू नका, लगेच आणा. बाळंतपण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नको. सिझर आणि रक्ताची सोय असेल तिथंच करा. साखर कारखान्यावर तोडीला जाताना तपासणीचं कार्ड सोबत न्या, तिथल्या सिस्टरला मागचं बीपी आणि रक्त त्यावरूनच कळतं.