पास वसूल

आमच्या घरात ‘पास’ या शब्दाला परीक्षेच्या आधी रेल्वेचा अर्थ चिकटला. बाबांचा डोंबिवली ते व्हीटी पास प्लास्टिकच्या पाकिटात असायचा, मागच्या बाजूला गजानन महाराजांचा फोटो. साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशांत महिनाभर हवं तितकं जा-ये करा. म्हणजे आठ दिवस ऑफिसला गेलं की पास वसूल, पुढचा सगळा प्रवास फुकट, असा त्यांचा हिशेब. दादर-परळची बारशी, मुंजी, लग्नं ते एकही चुकवत नसत. बदलापूर-वांगणीच्या नातेवाइकांना मात्र ते जरा माणूसघाणे वाटायचे. त्यात बाबांचा दोष नव्हता, पास डोंबिवलीच्या पुढे जात नव्हता.

हे असलं रक्त अंगात घेऊन मी गेल्या डिसेंबरात सहकुटुंब स्वित्झर्लंडला निघालो. थर्मल, बूट, माकडटोप्या ही खरेदी एका शनिवारी उरकली. रेल्वेचा पास निवडायला महिना लागला.

मुख्य भांडण दोघांत. एक स्विस ट्रॅव्हल पास. एकदा पैसे मोजले की रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी, शहरांतल्या ट्राम, वर पाचशेहून जास्त म्युझियम, सगळं त्यात. थोडक्यात अमर्याद थाळी. दुसरं हाफ फेअर कार्ड. ते बरंच स्वस्त. घेतलं की महिनाभर बहुतेक सगळी तिकिटं अर्ध्या पैशांत, पण प्रत्येक वेळी काढायची. आईला हे दुसरं समजावताना मी म्हणालो, ‘अगं, आपल्या अर्ध्या तिकिटासारखंच.’ २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि आई त्याच्या जोरावर कोल्हापूर, नरसोबाची वाडी, अक्कलकोट करून आलेली. ती म्हणाली, ‘अर्धं तिकीट मिळवायला आधी पैसे भरायचे? आपल्याकडे नुसतं बाई असलं तरी चालतं.’ ट्रॅव्हल पासात ज्येष्ठांना सवलत नाही हे कळल्यावर तर तिने त्या देशाबद्दलचं मत बनवूनच टाकलं.

थाळीच्याही अटी होत्या. पास तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. आमची सहल २४ ते ३० डिसेंबर, सात दिवसांची. सात नाहीच! सहाचा घेऊन एक दिवस सुटी तिकिटं काढायची, की आठचा घेऊन एक दिवस पाण्यात घालायचा? त्यातच पंधरा दिवसांचा पास आठ दिवसांच्या पासापेक्षा थोडासाच महाग आहे हे माझ्या लक्षात आलं. मी बायकोला विचारलं, ‘आणखी आठवडाभर राहिलो तर?’ तिने उत्तर दिलं नाही. हॉटेलचं बिल तेवढं माझ्या बाजूला सरकवलं.

मुलांचं प्रकरण वरवर सोपं होतं. सहाच्या आतली पोरं तशीच फुकट आणि पुढे सोळावा वाढदिवस येईपर्यंत, पास घेतलेल्या आई-बापाबरोबर असतील तर, फॅमिली कार्डावर फुकट. धाकटी दहा वर्षांची, तिची चिंता नव्हती. चिरंजीव मात्र २८ डिसेंबरला सोळा पूर्ण करणार होते. म्हणजे २७ च्या रात्री झोपताना तो स्विस रेल्वेच्या लेखी बाळ आणि २८ च्या सकाळी उठला की ‘युथ’. युथला तीस टक्के सूट असते खरी, पण फुकटाची सर तीस टक्क्यांना येत नाही. ‘तीन दिवस उशिरा जन्मला असता तर,’ असं मी पुटपुटलो. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात बाळंतपणाचा अख्खा हिशेब होता.

फॅमिली कार्डात आणखी एक मेख होती. बरोबर आई किंवा बाप हवा, आजी चालत नाही. ज्या बाईने नातवाला सायकल शिकवली, टायफॉइडमध्ये उशाशी बसून रात्री काढल्या, ती रेल्वेच्या दृष्टीने केवळ सहप्रवासी. हे मी आईला सांगितलं नाही. आधीच मत बनलेलं होतं.

खरा पेच पडला तो युंगफ्राउयोखपाशी. ३४५४ मीटर उंचीवरचं, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. आयगर डोंगराच्या पोटातून बोगदा खणत ही गाडी १९१२ मध्ये वर पोचवली. तिकीट इतकं महाग की ते वाचताना आपोआप आवाज खाली येतो. त्यात महागड्या पासावर सवलत पंचवीस टक्के आणि स्वस्तातल्या हाफ फेअर कार्डावर पन्नास! मी एक्सेलचा तक्ता केला. उंच डोंगर दोनपेक्षा जास्त असतील तर कार्ड, खालीच भटकायचं असेल तर पास, असं काहीसं उत्तर येत होतं. डोंगर किती हे मात्र हवेवर होतं, आणि हवा माझ्या तक्त्यात बसत नव्हती.

निकाल बायकोने लावला, तोही हिशेब न करता. म्हणाली, ‘शून्याखाली सात तापमानात दर गाडीला हातमोजे काढून मोबाइलवर पाच जणांची तिकिटं कोण काढणार? तू?’ तिघा मोठ्यांना आठ-आठ दिवसांचे पास घेतले. चिरंजीवांना २८ पासून तीन दिवसांचा युथ पास, तीच वाढदिवसाची भेट. आठवा दिवस वाया जाणार, हे तेवढं मनात ठसठसत राहिलं.

तिथे गेल्यावर कळलं की हिवाळ्यात थाळीतले काही पदार्थ संपलेले असतात. पासावर फुकट चढता येतात असे तीन प्रसिद्ध डोंगर, रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस. त्यातला श्टान्सरहॉर्न हिवाळाभर बंद. बोटींच्या फेऱ्या कमी. आणि सूर्य पावणेपाचच्या आत दुकान बंद करतो. पास दिवसाचा असतो, उजेडाचा नसतो, हे कुठल्याच तुलनेत कुणी लिहिलेलं मला दिसलं नव्हतं.

इंटरलाकेनच्या हॉटेलातल्या टीव्हीवर एक चॅनल फक्त डोंगरमाथ्यांवरचे कॅमेरे दाखवायचं. रोज सकाळी आम्ही चहा घेत युंगफ्राउयोख बघायचो. तिन्ही दिवस पडदा शुभ्र, खापराला चुना फासल्यासारखा. मुलं हिरमुसली. मीही तोंड पाडून बसलो, पण ढग आपल्याच बाजूचे निघाले याचं आत कुठेतरी बरं वाटत होतं. त्याऐवजी वेंगेनला गेलो. तिथपर्यंत पास पूर्ण चालतो आणि गावात मोटारींना रस्ताच नाही. लाउटरब्रुनेनहून वर जाणाऱ्या, रुळांमधल्या दातेरी पट्टीला चाक अडकवत चढणाऱ्या दात्यांच्या गाडीत सगळं गाव स्कीचे बूट घालून खाड-खाड चालत होतं. धाकटीने भाड्याची लाकडी घसरगाडी मांडीवर धरली होती. तिच्या पट्ट्यांवरचा बर्फ डब्याच्या उबेत विरघळून आईच्या साडीवर ठिबकत होता आणि आई पाय न हलवता बाहेर बघत होती.

रिगीचा दिवस वेगळा. आम्ही लुसर्नला मुक्काम हलवला होता आणि लुसर्न धुक्यात बुडालेलं. बोटीतून फिट्झनाउला गेलो, समोरचा किनारा दिसत नव्हता. तिथून वर जाते ती युरोपातली पहिली दात्यांची डोंगरी रेल्वे, १८७१ सालची. अर्ध्या वाटेपर्यंत खिडकीला नुसता कापूस. मग एका वळणावर गाडी धुक्यातून डोकं बाहेर काढावं तशी वर आली आणि डब्यात ऊन पडलं. खाली ढगांचा सपाट समुद्र, त्यातून बेटांसारखी वर आलेली शिखरं. आई बाकावर बसली, मफलर सोडला, पर्समधून डिंकाचा लाडू काढला.

‘याचे किती पडले रे?’

‘काही नाही. पासातच आहे.’

‘मग अजून थोडं बसू,’ ती म्हणाली, आणि पुढच्या तीन गाड्या आम्ही सोडल्या.

एवढ्यावर माणसाने थांबावं. पण २८ तारखेला माझ्यातले बाबा जागे झाले. चिरंजीवांच्या पासाचा पहिला दिवस. तीनच दिवसांत तो वसूल व्हायचा तर लांब पल्लाच हवा. लुसर्नहून सेंट मॉरिट्झ, एका बाजूने सव्वाचार तास, आणि त्याच दिवशी परत. काचेच्या छताच्या ग्लेशियर एक्सप्रेसला पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. कूरच्या पुढे त्याच रुळांवरून साधी लाल गाडी जाते, तिला काही लागत नाही. ती पकडली. हा मार्ग २००८ पासून जागतिक वारसा आहे. फिलिझूरच्या अलीकडे लांटवासरचा पूल येतो, ६५ मीटर उंच, दगडी कमानींचा, वळणदार, आणि त्याचं दुसरं टोक थेट कड्यातल्या बोगद्यात घुसतं. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन कड्यात शिरताना दिसलं आणि आख्खा डबा एका खिडकीला लागला.

तपासनीस आला तेव्हा त्याने चिरंजीवांचा पास बघितला, पासपोर्ट मागितला. जन्मतारखेवर बोट ठेवून थांबला. ‘काल फुकट होतास की,’ अशा अर्थाचं इंग्रजीत म्हणाला, आणि मग टोपीला हात लावून ‘हॅपी बर्थडे’. चिरंजीव कानापर्यंत लाल. कुणीतरी मोठा समजून आपल्याशी बोललं, याची पहिली पावती त्याला एका तिकीट तपासनीसाकडून मिळाली.

परतीला चार तास अंधार. खिडकीत डोंगराऐवजी आम्हीच दिसत होतो, पाच जण, मध्ये मेथीच्या ठेपल्यांची पिशवी. बायको काचेतल्या माझ्याकडे बघून म्हणाली, ‘झाला का वसूल?’

लुसर्नच्या फलाटावर धाकटीने स्विस स्टेशनांवरच्या त्या प्रसिद्ध घड्याळाची गंमत दाखवली. लाल सेकंदकाटा बारावर येऊन क्षणभर थबकतो, मिनिटकाट्याने उडी मारली की मग पुढे निघतो. हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनिअरने १९४४ मध्ये ते घड्याळ आखलं, काट्याची सोय पुढची. दर मिनिटाला दीडेक सेकंद नुसतं उभं राहायचं. आम्ही पाच-सहा मिनिटं तेच बघत बसलो. हॉटेलकडची बस गेली, दुसरी आली. तीही पासातच होती.

३० ला झुरिचहून विमान, ३१ ला डोंबिवली. रात्री बारा वाजता सोसायटीच्या गच्चीवर फटाके लागले, मुलं वर पळाली, आई झोपलेली. मी मोबाइलमधला पास उघडून बघितला. तिकडे जेमतेम साडेसात वाजले होते. अजून साडेचार तास चालणार होता.