सात तारखेचं चलान

२०२४च्या जूनमध्ये अमेरिकेहून मुंबईला आले होते तेव्हा मुलुंड पूर्वेच्या आमच्या फ्लॅटवर गेले. भाडेकरू जोडप्याने चहा ठेवला आणि भाड्याची वही समोर आणली. दर महिन्याच्या ५ तारखेपुढे ४०,००० रुपये, निळ्या शाईत, एकही महिना चुकलेला नाही. वही बघता बघता माझ्या पोटात गोळा आला. टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कधी कापलाच नव्हता.

“ताई, आम्ही साधे भाडेकरू. आम्ही कसला कर कापायचा?” भाडेकरू म्हणाला.

५०,००० रुपयांपर्यंतच्या मासिक भाड्याला टीडीएस नाही, हे त्याने ऐकलेलं होतं. पण ती सवलत घरमालक भारतात राहत असेल तेव्हाची. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने ३१.२ टक्के कापून उरलेलं द्यायचं. म्हणजे ४०,००० मधले १२,४८०. कराराच्या पहिल्याच पानावर माझा न्यू जर्सीचा पत्ता होता, पण हे त्याला सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. म्हणून न कापलेल्या करावरचं मागचं व्याज मी भरलं.

कर कापायचा तो पगार देणाऱ्या कंपनीने, एवढंच आपल्या डोक्यात असतं. माझा हा समज इकडे न्यू जर्सीत, एडिसनला मोडला. लेकीला सांभाळायला मावशी ठेवल्या आणि कागदोपत्री मी ‘एम्प्लॉयर’ झाले. २०२४ साली एका घरकामगाराला वर्षाला २,७०० डॉलर किंवा जास्त रोख पगार दिला, की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांचे मिळून ७.६५ टक्के त्यांचे आणि तेवढेच आपले भरावे लागत. ३१ जानेवारीपर्यंत त्यांच्या हातात डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला द्यायचा आणि त्याची प्रत सोशल सिक्युरिटीकडे पाठवायची. ती पाठवली नाही तर त्यांच्या म्हातारपणीच्या पेन्शनच्या खात्यात त्या वर्षाची नोंदच राहत नाही. मावशींच्या कष्टाचं वर्ष माझ्या आळसापायी पुसलं जावं, हे मला सहन झालं नसतं.

(इथे असणाऱ्यांसाठी: मुंबईचं भाडंही इथल्या विवरणपत्रात दाखवायचं.)

मुलुंडला मग भाडेकरूने टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा नंबर, काढला. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चलानाने भरायचा, मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. शिवाय दर तिमाहीला टीडीएसचं विवरणपत्र. ते उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये. “तुमचे पैसे कापायला बरं वाटत नाही हो,” असं तो पहिले दोन महिने म्हणत होता. मी समजावलं, ते माझ्याच पॅनवर जमा होतात, आणि जुलैअखेर विवरणपत्र भरलं की त्यातले बरेचसे परत मिळतात.

तुमचे घरमालक परदेशात असतील तर आज करार काढून पहिल्या पानावरचा पत्ता बघा, आणि त्यांना फोन करा. आमच्याकडे आता दर महिन्याला चलानाचा फोटो येतो. बहुतेकदा ५ तारखेलाच.