टाचणवही : जोच्या टोपीने सोडवलेला गुंता

कादंबऱ्या वाचताना भिडलेली वाक्यं मी कार्डांवर टाचून ठेवते. त्यातली ‘लग्न’ या मथळ्याखालची कार्डं एकमेकांशी भांडताहेत, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. त्या गुंत्याचं टोक आता हाती लागलंय. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी अर्ध्यावर ठेवून हे लिहायला बसले, इतका आनंद झालाय.

अडचण तुम्हाला ठाऊक आहेच. भिडलेलं वाक्य कार्डावर उतरवायचं, वर मथळा द्यायचा, मथळ्यांप्रमाणे गठ्ठे लावायचे. कार्डं भरपूर जमली. पण ‘मत्सर’ किंवा ‘बाप आणि मुलगे’ असा एखादा गठ्ठा उघडून वाचायला घेतला की निराशा पदरी येते. कादंबरीत ज्या वाक्यापाशी पुस्तक मिटून बसून राहिले होते, तेच कार्डावर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं दिसतं. बरोबर असतं, पण कुणाच्या कामाचं नसतं.

‘ययाति’च्या पुनर्वाचनात हे फारच जाणवलं. खांडेकरांच्या १९५९ सालच्या या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच सांगतात. संसार एकच, सांगणारे तीन. तिघांची वाक्यं एका मथळ्याखाली लावली तर तिन्ही पटतात, आणि वापरायला गेलं तर एकही उपयोगी पडत नाही. ययाति प्रेमाबद्दल, सुखाबद्दल बोलतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. पण हाच माणूस पुढे पोटच्या पोराकडे तारुण्य मागणार आहे, हे कार्डाला कुठे माहीत असतं?

पहिला उपाय म्हणून पानाचा आकडा टाकून पाहिला. तो आवृत्ती बदलली की निकामी होतो, आणि ई-रीडरवर तर अक्षर मोठं केलं तरी पानं सरकतात. (प्रकरणाचा आकडा लिहा, तो टिकतो. आणि ई-रीडरवर रंगवलेल्या ओळींच्या यादीवर विसंबू नका. ती यादी वाक्याला त्याच्या प्रसंगापासून तोडून देते, म्हणजे आपला आजार आणखी वाढवते.) मग वाक्य कुणाचं ते वरच्या कोपऱ्यात लिहायला लागले. ‘ययाति’ची कार्डं त्याने थोडी शिस्तीत आली.

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत मात्र तोही उपाय हरला. तिथे सगळंच नायक पिप सांगतो. पण लंडनमध्ये साहेब होऊ पाहणारा पोरगा पिप आणि कित्येक वर्षांनी ती गोष्ट सांगणारा पिप, ही दोन माणसं आहेत. कोपऱ्यात ‘पिप’ लिहून काहीच कळत नाही.

इथेच सत्ताविसावं प्रकरण मदतीला आलं. पिपच्या बहिणीचा नवरा, लोहारकाम करणारा जो गार्जरी (‘जो’ हे त्याचं नाव), पिपला भेटायला लंडनला येतो. ज्याने लहानपणी जीव लावला त्याला पैसे देऊन टाळता आलं असतं तर पिपने टाळलं असतं, इतकी त्याला लाज वाटते. जो अवघडलेला. टोपी शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवतो, ती पडते. झेलतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा पडते. पिपला ‘सर’ म्हणतो. पिप मनातून चिडतो. जोला मोकळेपणाने वागता आलं नाही ते आपल्यामुळेच, हे म्हणतो तो सांगणारा पिप. त्या दिवशीच्या पिपला ते कळलेलं नाही.

यातलं कुठलं वाक्य उतरवायचं? मी एकही उतरवलं नाही. कार्डावर तीन ओळी लिहिल्या:

घडलं : जोची टोपी पडत राहते, पिप चिडतो.
तेव्हा वाटलं : हा इथे शोभत नाही.
पुढे उमगलं : त्याला परकं मीच केलं.

मथळा दिलाच नाही. गठ्ठ्यात सारून ठेवलं, मधे दुसरं वाचलं, परत काढलं. कार्ड जिवंत होतं! कादंबरी न वाचलेल्या एका मैत्रिणीच्या हाती दिलं, तर तिने विचारलं, “मग जो परत आला का?” एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही कार्डाने कुणाला पुढचा प्रश्न विचारायला लावला नव्हता. दिवसभर मी त्याच खुशीत होते.

माझं मत आता पक्कं झालंय. कादंबरीतलं शहाणपण पात्राच्या बोलण्यात क्वचितच असतं. ते त्याचं बोलणं आणि त्याच्यावर पुढे आलेली वेळ यांच्या मधल्या अंतरात असतं. कार्डाने ते अंतर धरून ठेवायला हवं.

जुनी सगळी कार्डं या तीन ओळींत बदलायची, असं ठरवून हे लिहायला घेतलं होतं. पण लिहिता लिहिताच एक अडसर दिसला. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १८६०-६१मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली, आणि तिचा शेवट डिकन्सने बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सल्ल्यावरून छापण्याआधी बदलला. पहिल्या शेवटात पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला ओझरते भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. छापलेल्या शेवटात ती दोघं एकत्र येतील अशी आशा आहे. म्हणजे एस्टेलावरच्या माझ्या कार्डांची तिसरी ओळ कोणता शेवट धरायचा यावर लोंबकळतेय. टोपीच्या कार्डाला मात्र शेवट कुठलाही असो, फरक पडत नाही.

ही कसोटी फार आवडलीय मला. तेव्हा बेत बदलला: सगळी कार्डं बदलायची नाहीत. आधी शेवटाच्या आधारावर उभी असलेली वेगळी काढायची आणि त्यांना निळी शाई द्यायची. (जेल पेन नको, पातळ कार्डावर मागे उमटतं. साधं बॉलपेन उत्तम.)

आणि ‘मिडलमार्च’ मी पुढे सरकवत नाहीये, मागे जातेय. एकोणतिसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच लेखिका जॉर्ज एलियट नायिका डोरोथियाबद्दल सांगता सांगता थांबते, नेहमी डोरोथियाच का, असं स्वतःलाच विचारते आणि तिचा नवरा कॅसॉबन याच्या बाजूने बघायला लागते. तोवर तो रूक्ष म्हातारा म्हणून माझ्याही मनातून उतरला होता. या लग्नाची दोन कार्डं करणार आहे, एक तिच्याकडून, एक त्याच्याकडून, ‘घडलं’ची ओळ दोन्हींवर अक्षरशः सारखी ठेवून. जमलं तर ‘ययाति’चीही तीन करेन. देवयानीपासून सुरुवात, कारण तिचीच बाजू माझ्या गठ्ठ्यात सगळ्यात कमी आहे.