तिळारी ते नेत्रावळी: जुन्या जिप्सीला नेमकं काय हवंय?

जुनी फोर बाय फोर घरी आली की पहिल्या आठवड्यातच यादी तयार होते. मोठे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट, अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच, इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारा स्नॉर्केल, जमलं तर दुसरं इंजिन. माझ्या २००७ सालच्या हार्ड-टॉप मारुती जिप्सी किंगसाठीही अशी यादी झाली होती. पण एक रुपयाही खर्च करण्याआधी गाडी आहे तशीच गोव्याच्या आतल्या भागात फिरवायची आणि वाट जेवढं मागेल तेवढंच करायचं, असं मी ठरवलं. चंदगडहून तिळारी घाट उतरून दोडामार्ग, मग डिचोली, साखळी, वाळपई, उसगाव, कुळे आणि शेवटी नेत्रावळी. ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस ओसरला होता, तरी ओहोळांना पाणी भरपूर होतं आणि लाल माती अजून ओलीच होती. गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगला काळ नाही.

जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीचं इंजिन घेऊन आली आणि २०१८ पर्यंत तिचं मूळ रूप फारसं बदललं नाही. शिडीसारखी चेसिस, पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा. किंगमध्ये १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन आहे. ताकद ८० बीएचपी, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर १०३ न्यूटन-मीटर. जेमतेम टनभर वजनाच्या गाडीला ही ताकद कमी नाही. अडचण वेगळीच आहे. हा टॉर्क पूर्ण मिळतो ४५०० आरपीएमला, आणि दगडधोंड्यांतून रांगताना इंजिन त्याच्या निम्म्यावरही नसतं. त्यामुळे जिप्सीवाल्यांची पहिली तक्रार 'खालून ओढत नाही' हीच असते आणि पहिला उपाय म्हणून इंजिन बदलायचं सुचवलं जातं.

तिळारी घाटाने मात्र इंजिनाबद्दल काहीच विचारलं नाही, त्याला ब्रेक बघायचे होते. उतार इतका तीव्र आणि वळणं इतकी आवळलेली, की दुसऱ्या गिअरवर गाडी धरूनही पाय सारखा ब्रेकवर जातो. निम्मा घाट उतरल्यावर पेडल मऊ पडायला लागलं. मी बाजूला थांबून चाकं निवू दिली. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, आणि जुनं ऑइल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग पाय दाबला जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. गाडीची ताकद वाढवायच्या गप्पा मारण्याआधी ती थांबते का हे बघायला हवं. वहीत पहिली ओळ लिहिली: ब्रेक ऑइल, चारही होज, मागचे लायनर.

साखळीत मावसभावाकडे मुक्काम. सकाळी वाळवंटीच्या काठावर फेरफटका, पातळ भाजी आणि गरम पाव, आणि लगेच वाळपईची वाट. त्याच्या मित्राची सत्तरीत चरावण्याच्या बाजूला काजूची बाग आहे. बागेत वर जायला जांभ्याच्या कातळातून काढलेली गाडीवाट आहे, मालकाची परवानगी होतीच, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. हे मुद्दाम सांगते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, अभयारण्यातल्या ओढ्यांतही मनाला येईल तशी गाडी घालता येत नाही, आणि या बंद्या योग्यच आहेत. वाळूतल्या कासवांच्या घरट्यांवरून चाकं नेऊन कसली हौस भागणार? ऑफ-रोड शिकायचं तर मालकाला विचारून खाजगी जमिनीवर शिकावं.

त्या चढावर दोन गोष्टी झाल्या. एका जागी पावसाने वाट तिरकी खणली होती. डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक हवेत गेलं आणि गाडी तिथेच गरगरायला लागली. दोन चाकांना ताकद वाटून देणारं साधं डिफरन्शियल ज्या चाकावर भार नाही त्याच चाकाला फिरवतं, जमिनीवरचं चाक गप्प राहतं. "ताई, लॉकर टाक बघ," भाऊ म्हणाला. लॉकर म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणारं कुलूप. मी खाली वाकून बघितलं तर मागच्या स्प्रिंगांना कुणीतरी एकेक जादा पाटा घातला होता, बहुधा मागे माल भरण्यासाठी. रिकाम्या गाडीत त्या पाट्यामुळे स्प्रिंग ताठ राहते, अ‍ॅक्सल एका बाजूला झुकायला तयार होत नाही आणि चाक लवकर हवेत जातं. लॉकर चांगलाच असतो, पण त्याआधी तो पाटा काढून स्प्रिंगेचं टोक धरणाऱ्या शॅकलचे बुश नवे घातले तर चाक जमिनीवरच राहील. काही वेळा अपग्रेड म्हणजे आधीच्या मालकाने घातलेली वस्तू काढून टाकणं असतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात सावकाश गिअरमध्ये, जरा वेळ चढल्यावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. रस्त्यावर कधीच तापत नाही ती गाडी इथे तापत होती. इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं आणि काजूच्या सावलीत बसून राहिलो. जिप्सीच्या इंजिनाचं हेड आणि ब्लॉक दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. एकदा नीट तापलं तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग कुठलीच अपग्रेड उपयोगाची राहत नाही.

दुसऱ्या दिवशी उसगाव. या पट्ट्यातली गॅरेजं मोठी झाली ती खाणींच्या ट्रकांवर. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, पुढे काही काळ सुरू झालं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा ठप्प झालं. ट्रक कमी झाले, पण लेथ, वेल्डिंग आणि हातातलं कसब तिथेच राहिलं. भावाच्या ओळखीचे मेस्त, म्हणजे मिस्त्री, त्याच पिढीतले. त्यांनी माझी वही बघितली, इंजिन स्वॅपच्या, म्हणजे इंजिन बदलायच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाय, पयलीं गाडी थंड रावपाक जाय. मागीर पॉवर." म्हणजे आधी गाडी थंड राहायला हवी, ताकद नंतर.

इंजिन चालू ठेवून त्यांनी रेडिएटरच्या जाळीवर आडवा तळहात फिरवला. वरचा भाग चटका बसेल इतका गरम. खालच्या डाव्या कोपऱ्यात हात ठेवला, मलाही ठेवायला लावला. तिथे जाळी कोमट होती. म्हणजे त्या भागातल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. मग सगळं निवू देऊन थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट नाहीच! नुसती गंजाच्या रंगाची चिकट साय. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजात 'गाडी थंड राहते' म्हणून तो काढून टाकला होता आणि कूलंटऐवजी साधं पाणी भरलं होतं.

आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकायची ही सवय इतकी मुरलेली आहे की जरा सविस्तर सांगते. थर्मोस्टॅट नसला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं, हायवेवर इंजिन हवं तितकं तापतच नाही. थंड इंजिन म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जास्त पेट्रोल सोडत राहतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा झिजतात. इकडे साध्या पाण्याने आतून क्षार आणि गंज बसतो, नळ्या बुजतात. हायवेवर समोरून वारा येतो म्हणून हे लपून राहतं. फोर-लोमध्ये माणसाच्या चालीने चढताना वारा नसतो, सगळा भार पंख्यावर आणि जाळीवर, आणि तिथे सगळं उघडं पडतं.

मेस्तांनी रेडिएटर उतरवून दिला. शेजारच्या दुकानात वरची टाकी उघडून रॉडिंग झालं, एकेका नळीतून सळई घालून गाळ काढला आणि टाकी परत डाग देऊन बसवली. नवा थर्मोस्टॅट, नवे होज, कूलंट. तेवढ्यात प्लग काढून कॉम्प्रेशन बघितलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले आणि मला मनापासून हायसं वाटलं. इंजिन निरोगी आहे, त्याला फक्त नीट वागवायला हवं होतं.

स्वॅपचा विचार तिथेच सोडला. जुन्या बलेनोचं १६०० सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, म्हणून ते जिप्सीत बसवणारे बरेच आहेत आणि गाडी जोरात पळते यात शंका नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल स्पष्ट आहेत: कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, प्रत्येक वेळी इंजिन आणि चेसिस नंबर तपासले जातात. विम्याचा दावा अडकायलाही तेवढंच कारण पुरतं. लोखंडी बुलबारही याच कलमाखाली येतो, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना तसं कळवलंय. तोही यादीतून गेला. त्याच्या जागी चेसिसला बोल्टने पक्के बसवलेले ओढायचे हुक आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसखाली जाड पत्र्याचं कवच.

कुळेला मी शिकायला गेले. दूधसागरला स्वतःची गाडी नेता येत नाही. भगवान महावीर अभयारण्यातून ओढे ओलांडत जाणारी वाट कुळेच्या नोंदणीकृत जीपगाड्यांनाच खुली असते आणि हंगामात त्या रोज पाण्यातून जातात. मी ड्रायव्हरदादांच्या शेजारची जागा मागून घेतली. पहिल्या ओढ्याशी त्यांनी काठावरच पहिला गिअर टाकला, गाडी सावकाश पाण्यात घातली आणि पलीकडे जाईपर्यंत एकाच लयीत ठेवली. पाण्यात गिअर बदलला नाही, क्लचला पाय लावला नाही. बंपरपुढे एक छोटी लाट तयार झाली आणि ती गाडीबरोबरच पुढे सरकत राहिली. काठावर चढल्यावर दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबले. "ड्रम भिजतात ताई, सुकवून घ्यायचे, नाहीतर पुढच्या उताराला लागत नाहीत."

तळावर गाड्या थांबल्या तेव्हा दादांना विचारून मी जीपखाली वाकले. मागच्या डिफरन्शियलच्या ब्रीदरला, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या छिद्राला, रबरी नळी जोडून ती वर चेसिसपर्यंत नेलेली, तारेने बांधलेली. खर्च जवळपास शून्य. चालून तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं आणि बेअरिंगं खराब होतात. स्नॉर्केल दिसायला रुबाबदार आहे, आणि हवेच्या वाटेतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो हेही खरं. पण बोनेटला पाणी लागेल अशा ओढ्यात मी एकटीने गाडी घालणारच नाही. ब्रीदरच्या नळ्या आधी, स्नॉर्केल नंतर कधीतरी.

टायरचा हिशेबही कुळेतच सुटला. मूळ माप २०५/७० आर१५, व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. माझ्या मनात २३५/७५ होते, म्हणजे ७३३. दिसतात भारी, पण अ‍ॅक्सल उचलला जातो जेमतेम ३३ मिलिमीटर आणि सगळं गिअरिंग दहा टक्क्यांनी लांब होतं, म्हणजे चाकाची ओढ तेवढी कमी होते. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय गिअरचा रेशो १.४०९ आणि लोचा २.२६८. लो मुळातच फार खाली नाही, त्यातले दहा टक्के टायरलाच दिले तर 'खालून ओढत नाही' ही तक्रार आपणच वाढवून ठेवली. वर स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टने पळत असेल. दादांचं म्हणणं आणखी सरळ होतं: चिखलात बारीक टायर खाली रुततो आणि घट्ट जमीन धरतो, रुंद टायर वरच तरंगतो. गोव्याच्या लाल चिखलाखाली बहुतेक ठिकाणी जांभ्याचा कातळ असतोच. म्हणून २१५/७५ आर१५, मड टेरेन नक्षी, आणि हवा कमी-जास्त करायला छोटा कंप्रेसर.

२०१४ पासून गोव्याच्या पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होऊ लागलं, तेव्हापासून विंच लावलेल्या उंच जिप्सींचे फोटो बघून याद्या बनवणारे खूप झालेत. त्या गाड्या मला मनापासून आवडतात, पण त्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात. मला घरून निघून काजूच्या बागेत चढून परत घरीच यायचंय. स्प्रिंग अ‍ॅक्सलच्या वर घेऊन गाडी चार-पाच इंच उचलली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, स्टिअरिंगची दांडी तिरकी होते, ब्रेकचे होज ताणले जातात. एक दुरुस्त करायला गेलं की पुढचं उभं राहतं.

नेत्रावळीत बुडबुड्यांच्या तळीवर थोडा वेळ थांबून वेर्लेचा चढ चढले. काटा मध्यावरून हलला नाही. परतताना अनमोड घाटात ट्रकांच्या मागे रांगत गेले, तरीही नाही.

आता जानेवारीत गाडी परत उसगावला जाईल. ब्रेकचं सगळं काम, टायमिंग बेल्ट आणि त्याच वेळी वॉटर पंप, जादा पाटे काढून नवे बुश, ब्रीदरच्या नळ्या, हुक आणि खालचं कवच. टायर त्यानंतर. ट्रान्सफर केसमध्ये कमी रेशोचे गिअर घालायचे की मागे लॉकर बसवायचा, हे पुढच्या पावसाळ्यात त्याच काजूच्या चढावर जाऊन ठरवू, असं मेस्तांशी बोलणं झालंय. ते स्वतः यायला तयार आहेत.