टेबलावरचं झेरॉक्स मशीन की उभं?

सांगलीत मार्केट यार्डातले अडते, वकील, क्लासवाले, सगळ्यांचा पहिला प्रश्न किंमत. मी उलटा विचारतो, महिन्याला किती कॉपी निघतात आणि कागद कुठला?

दिवसाला पन्नास-शंभर पानं, सगळी ए४, तर टेबलावरचं मशीन बास, उगाच जास्त पैसे घालू नका. पण वकिलांचं वेगळं असतं, त्यांचा लीगल कागद १४ इंच लांब आणि बऱ्याच छोट्या मशीनची काच ए४ एवढीच, मग खालचा सही-शिक्क्याचा भागच कापला जातो, हे घ्यायच्या आधीच बघायला पाहिजे. नकाशे, मोठी रजिस्टरं असतील तर ए३ लागतंच, म्हणजे २९७ बाय ४२० मिलीमीटर, आणि तिथं शक्यतो खाली उभं राहणारं मशीनच घ्या. त्याला ट्रे जास्त, टोनरचा (शाईच्या पुडीचा) डबा मोठा, त्यामुळं दर पानाचा खर्च बहुतेक वेळा कमी पडतो.

फक्त जागा नीट मोजा, बाजूचं झाकण उघडून अडकलेला कागद काढता आला पाहिजे. आणि यार्डातल्यांनो, हळदीच्या पोत्यांजवळ कुठलंच मशीन ठेवू नका, ती धूळ आत गेली की कॉपीवर रेघा यायला लागतात.