मोकळा कोण? जर्मनीतली शनिवारची मॅच वाचताना

बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या, शनिवारच्या बहुतेक मॅचेस दुपारी साडेतीनला सुरू होतात. भारतात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. त्याआधी तासभर दोन्ही संघांची ‘आउफश्टेलुंग’, म्हणजे अकरा जणांची यादी, जाहीर होते. ट्राममध्ये मफलर गुंडाळलेल्या आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे फोनमध्ये डोकं घालतात. पहिला प्रश्न ठरलेला: ‘ड्रायरकेटं की फीअरकेटं?’ बचावाला मागे तिघं की चौघं?

नुसत्या आकड्यांवरून फार काही कळत नाही. एका कागदावर दोन्ही संघ समोरासमोर मांडायचे आणि जोड्या लावायच्या. गोलकीपर सोडले तर दहाला दहा, म्हणजे तसा कोणीच उरत नाही. पण कुठल्या जोडीत अंतर सगळ्यात जास्त आहे, ते बघायचं. मोकळा माणूस तिथेच सापडतो.

समजा, 3-4-2-1 विरुद्ध 4-2-3-1 (आकडे बचावाकडून पुढे मोजायचे). पहिल्या संघाचे तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू) बॉल खेळवतायत, त्यांच्या अंगावर समोरचा स्ट्रायकर आणि दोन विंगर (कडेचे हल्लेखोर) गेले. मधल्या दोन ‘झेक्सर’पैकी (बचावफळीच्या पुढ्यात खेळणारे) एकाला समोरचा दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) धरतो, दुसऱ्यासाठी समोरच्याच एका झेक्सरला पुढे यावं लागतं. राहिला साइडलाइनला चिकटलेला विंगबॅक (चौघांच्या फळीतला कडेचा). त्याला धरायचं काम समोरच्या फुलबॅकचं (बचावफळीतला कडेचा), आणि तो वीसेक मीटर मागे! पंचवीस मीटरचा पास साधारण दोन सेकंदांत पोचतो, फुलबॅकला वीस मीटर धावायला तीन लागतात. म्हणून पास सुटायच्या आधीच, सेंटरबॅकचा खांदा त्या बाजूला वळताना, त्याने निघायला हवं. उशीर केला तर विंगबॅक आरामात वळतो. घाई केली तर फुलबॅकच्या पाठीमागे ‘हाल्बराउम’, म्हणजे विंग आणि मध्य यांच्यामधला पट्टा, रिकामा पडतो. तिथे समोरच्या दोन दहा नंबरांपैकी एक घुसतो, त्याला अडवायला सेंटरबॅक बाहेर येतो आणि गोलसमोर भगदाड पडतं.

विंगरलाच मागे ठेवलं तर? मग कडेचा सेंटरबॅक मोकळा सुटतो. तो पायाने कच्चा असेल तर त्याला मुद्दाम बॉल घेऊ देतात. म्हणून यादीत नावं वाचायची: डावीकडचा सेंटरबॅक डावखुरा आहे का? उजव्या पायाचा असेल तर तो बॉल आत घेतो, सेकंदभर जातो आणि साइडलाइनकडचा पास बंद होतो.

दुसरा मार्ग समोरच्यासारखीच रचना करण्याचा. 10 फेब्रुवारी 2024 ला लेव्हरकूझन संघाविरुद्ध त्यांच्याच मैदानावर बायर्न म्युनिकचा तेव्हाचा कोच टुखेलने तेच केलं: 3-4-2-1 ला 3-4-2-1. जोड्या चोख लागल्या, पण डाव्या विंगबॅकला मुळातला राइटबॅक बोए. त्याच्याच बाजूने, लांबच्या पोस्टापाशी, लेव्हरकूझनच्या स्टानिसिचने पहिला गोल केला. तोही बायर्नकडूनच उसना घेतलेला! निकाल लेव्हरकूझनच्या बाजूने 3-0. रचना सारखी झाली की प्रत्येक लढत एकास एक होते, मग कच्चा दुवा लपवायला जागाच उरत नाही.

त्याच लेव्हरकूझनला 22 मे 2024 ला डब्लिनमध्ये, युरोपा लीगच्या फायनलमध्ये, इटलीच्या अटालांटा क्लबने मैदानभर माणसाला माणूस लावून 3-0 हरवलं. तिन्ही गोल लुकमनचे. अशा प्रेसिंगवरचा (अंगावर जाऊन दबाव टाकण्यावरचा) साधा उतारा म्हणजे धिप्पाड स्ट्रायकरकडे लांब बॉल. पण सुरुवातीला लेव्हरकूझनचे स्ट्रायकर शिक आणि बोनिफेस दोघेही बेंचवर होते, पुढे खरा स्ट्रायकर नव्हताच. बोनिफेस हाफटाइमला आला, तोवर 2-0 झालेलं. लेव्हरकूझनचा तेव्हाचा कोच आलोन्सोची ती निवड तर्काला धरून असेल, पण या प्रतिस्पर्ध्यासमोर चुकलीच.

तेव्हा या शनिवारी मॅच लावाल तर पहिल्या गोलकिकला बॉलकडे बघू नका. विंगर कुठे उभा आहे ते बघा: सेंटरबॅकच्या रेषेत की विंगबॅकच्या? टीव्हीच्या फ्रेममध्ये हे नेहमी मावत नाही. स्टेडियममध्ये गोलच्या मागच्या उभ्याच्या स्टँडवरून मात्र सगळी रचना नकाशासारखी दिसते, अर्थात समोरचा झेंडा खाली आला तर.