आत्या आणि काका

18 जुलै 2012 ला राजेश खन्ना गेला आणि थोड्याच दिवसांत इंदूरच्या खजुरी बाजारात त्याचं चरित्र दिसलं. हिंदी, पातळसं, शाईचा वास अजून ताजा. रामबागेतल्या आत्यासाठी घेतलं. तिनं चष्मा पदरानं पुसला, आधी सगळे फोटो बघून घेतले आणि मग चौथ्याच पानावर बोट ठेवलं.

“हे काय रे? ‘आराधना’ 1971? अरे, 1969! माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा.”

पेन्सिलीनं तिथल्या तिथे दुरुस्ती झाली.

1965 ची टॅलेंट स्पर्धा, जिच्यामुळे तो सिनेमात आला, ती दोन ओळींत उरकलेली. नवी दिल्लीची खासदारकी एका ओळीत. बंगल्याबाहेरच्या गर्दीला मात्र आठ पानं! तेराव्याच्या आतच छापायला घेतलं असणार, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र आवडली. त्याला लाडानं ‘काका’ म्हणत. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा. मी मोठ्यानं वाचलं. आत्या खुदकन हसली.

“बरं झालं. मला काही त्याला काका म्हणणं कधी जमलं नाही.”

पुस्तक अजून तिच्याकडेच आहे. मागितलं की म्हणते, दुरुस्त्या व्हायच्यात.